टायगर मॉथ पुन्हा हवेत: शेडमधल्या प्रकल्प नोंदी

विमान: डी हॅविलँड डीएच 82ए टायगर मॉथ, दोन मजली पंखांचं जुनं प्रशिक्षण विमान, दुसऱ्या महायुद्धात काउलीच्या मॉरिस मोटर्समध्ये बांधलेलं. डी हॅविलँडचा हॅटफिल्डचा कारखाना मॉस्किटो या लढाऊ विमानासाठी मोकळा करायचा होता, म्हणून टायगर मॉथचं काम मोटारी बनवणाऱ्यांकडे गेलं आणि काउलीतून साडेतीन हजारांच्या आसपास विमानं बाहेर पडली. जागा: इंग्लंडमधल्या एका गवताळ धावपट्टीच्या कडेचं शेड. मालक आम्ही पाच जण, त्यात मराठी मी एकटी. हे विमान आपल्याकडेही परकं नाही. भारतीय हवाई दलाच्या कितीतरी वैमानिकांनी पहिले धडे टायगर मॉथवर गिरवले, आणि हवाई दलाच्या जुन्या विमानांच्या तुकडीतलं, व्हिंटेज फ्लाइटमधलं, टायगर मॉथ इंग्लंडमध्येच दुरुस्त होऊन 2012 च्या वायुसेना दिनाला हिंडनच्या हवाई तळावर उडालं.

नोंदी मराठीत ठेवतेय, कारण इकडे नोकरीनिमित्त आलेल्या आपल्या बऱ्याच मंडळींना जुनं विमान दुरुस्त करून उडवणाऱ्या अशा गटात शिरायची इच्छा असते आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. सुतारकाम, शिवणकाम, इंजिन हे सगळं शिकता येतं. कुठलं काम कुठे थांबवून कुणाला दाखवायचं, हे मात्र सरळ लिहिलेलं कुठे मिळत नाही, आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला.

5 मार्च 2022

ब्रिटनमध्ये असं विमान उडवायला सिव्हिल एव्हिएशन अथॉरिटीची, म्हणजे सीएएची, परवानगी लागते. टायगर मॉथसाठी सर्टिफिकेट ऑफ एअरवर्दीनेस किंवा परमिट टू फ्लाय, असे दोन रस्ते आहेत. आम्ही परमिटचा धरला. परमिट सीएएचं, पण रोजचं सगळं लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन बघते. त्यांचे इन्स्पेक्टर टप्प्याटप्प्यावर येऊन काम तपासतात आणि सही करतात.

इन्स्पेक्टर आज पहिल्यांदा आले. विमानाकडे नजरही टाकली नाही. आधी लॉगबुकं मागितली. एअरफ्रेमचं, म्हणजे इंजिन सोडून बाकी विमानाचं, एक, इंजिनाचं एक. दोन तास पानं चाळली. मधली काही वर्षं एअरफ्रेमच्या लॉगबुकात नाहीतच. त्यांचं म्हणणं स्पष्ट: ज्या कामाची नोंद नाही ते काम झालंच नाही असं धरायचं आणि तो भाग उघडायचा. म्हणजे आमचे खालचे दोन्ही पंख, जे "नुकतेच केलेले" म्हणून विकले गेले होते, तेही उघडायचे.

गटातल्या दोघांना हे फार लागलं. मला इन्स्पेक्टरांचं म्हणणं पहिल्याच दिवशी पटलं. पंखावर कापड चढलं की आत काय आहे ते बाहेरून कुणालाच सांगता येत नाही.

20 मार्च 2022

जुन्या मालकाकडून आलेल्या पेट्या उपसल्या. टेबलावर तीन ढीग केले: कागद असलेले सुटे भाग; कागद नसलेले पण ज्यांच्यावर पार्ट नंबर आणि तपासणीचा शिक्का वाचता येतो ते; आणि काहीच नसलेले. तिसरा ढीग सगळ्यात मोठा निघाला. त्यात मी येण्याआधी गटानं सहाशे पौंडांना घेतलेली बोल्ट आणि टर्नबकलची अख्खी पेटी गेली.

बोल्टबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. टायगर मॉथवर बीएसएफ आणि बीए आटे आहेत, म्हणजे जुने ब्रिटिश. अमेरिकन विमानांचे बोल्ट दिसायला जवळपास तसेच असतात, आणि कुणीतरी कधीतरी ते ठोकून बसवलेले असतात. आमच्या रडर पेडलच्या एका कंसात असा एक बोल्ट सापडला: दोन आटे बसलेले, पुढचे चिरडलेले. इतकी वर्षं तो फक्त घर्षणावर टिकला होता. पान्यांचा व्हिटवर्थ सेट पहिल्याच आठवड्यात घ्या. मेट्रिक पाना "जरा सैल, पण चालतोय" म्हणत कुणी वापरला की नटाचे कोपरे जातात.

23 एप्रिल 2022

टाय रॉड. यावर सविस्तर लिहितेय, कारण भाग ठरलेल्या मुदतीत बदलायचा हा नियम का आहे ते इथे हातात धरून बघता येतं.

खालचे दोन पंख फ्युझलाजला, म्हणजे विमानाच्या धडाला, जिथे जोडतात, तिथे कॉकपिटच्या तळाखालून आडव्या पोलादी सळ्या जातात. एका बाजूच्या पंखाची ओढ या सळ्या दुसऱ्या बाजूच्या पंखाशी तोलून धरतात. दोन्ही टोकांना आटे पाडलेले. 16 डिसेंबर 2013 ला ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडमधल्या साउथ स्ट्रॅडब्रोक बेटाजवळ, एका टायगर मॉथचे डावे पंख हवेतच निकामी झाले आणि आतले दोघेही गेले. तिथल्या तपास यंत्रणेला दोन्ही सळ्या आट्यांच्या भागात तुटलेल्या सापडल्या. तडे जुने होते, फटीगचे, म्हणजे वारंवारच्या ताणानं धातू थकून पडलेले. सळ्या मूळ उत्पादकाच्या नव्हत्या आणि ठरवून दिलेलं आयुष्य भरायच्या कितीतरी आधी त्या गेल्या.

ते आयुष्य म्हणजे 2,000 तास किंवा 18 वर्षं, जे आधी होईल ते. विमान नुसतं शेडमध्ये उभं असलं तरी 18 वर्षं मोजली जातात, कारण आट्यांच्या खाचेत गंज बसतो आणि तडा तिथूनच सुरू होतो.

आमच्या सळ्या बाहेर काढल्या. मधला भाग चकचकीत. डावीकडच्या टोकाला नट जिथे संपतो तिथे तिसऱ्या-चौथ्या आट्याच्या मुळाशी तपकिरी रेघ. रॉकेलनं धुऊन भिंगाखाली धरली तर गंजाचे खड्डे, एकापुढे एक, सुईच्या टोकाएवढे. तडा होता की नाही ते तपासत बसलो नाही. सळ्या कधी बसवल्या याचा कागदच नव्हता, त्यामुळे त्या बाद. नव्या सळ्या या प्रकारच्या विमानांची जबाबदारी असलेल्या डी हॅविलँड सपोर्टच्या मान्यतेच्या, रिलीज सर्टिफिकेटसकट मागवल्या. कामाच्या मानानं ही रक्कम किरकोळ. बदलायची पुढची तारीख लॉगबुकाच्या पहिल्या पानावर लाल शाईनं: 2040. जुन्या सळ्या करवतीनं मधोमध कापून टाकल्या, म्हणजे कुणाच्या पेटीतून परत कुठल्या विमानात जायला नकोत. हे तुम्हीही करा. बाद केलेला भाग अखंड ठेवू नका.

11 जून 2022

खालच्या डाव्या पंखाचं कापड फाडलं. आत लाकडी सांगाडा: स्प्रूस लाकडाचे दोन स्पार, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणारे मुख्य वासे, त्यावर रिब, म्हणजे फासळ्या, मध्ये ताणाच्या तारा. युद्धकाळातल्या विमानांत लाकूड जोडायला बऱ्याचदा केसीन, म्हणजे दुधापासून केलेला सरस, वापरलेला असतो. कोरडा राहिला तर तो टिकतो. ओल लागली की बुरशी त्याला खाते. सांध्यात चाकूचं पातं हलकंच घातलं आणि पिवळट भुकटी बाहेर पडली, तर तो सांधा गेला. आमच्या पंखाच्या मुळाकडचे, जिथे पाणी साठतं ते, बरेच सांधे असे निघाले.

खरा धक्का मागच्या स्पारवर होता. एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी, फिरवणाऱ्या चकतीच्या डब्याजवळ, बाहेरच्या तारेच्या जोडापासून वीतभर अंतरावर, स्पारला एका बाजूनं प्लायची पट्टी चिकटवलेली. त्यावर वॉर्निश, छान गुळगुळीत. लॉगबुकात अक्षरही नाही. पट्टी काढली तर खाली दाण्याला, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या दिशेला, आडवी जाणारी केसाएवढी रेघ. टॉर्च लाकडावर अगदी आडवा धरला तरच दिसते. वरून उजेड पाडला की गायब. दाबानं लाकडाचे तंतू चिरडले की अशी रेघ उठते, बहुतेक जोरात आदळलेल्या लँडिंगमुळे. त्या जागेवर स्पार नावालाच अखंड होता.

पट्टी चिकटवणारा कोण होता ते कळायला मार्ग नाही, आणि कळून उपयोगही नाही. पण त्या पट्टीवर विसंबून लोकांनी वर्षानुवर्षं उड्डाणं केली, लूप मारले असतील, याचा विचार करून मला त्या रात्री झोप लागली नाही.

जुलै ते सप्टेंबर 2022

लाकूडकाम बंद. स्पारची दुरुस्ती आपल्या मनानं करता येत नाही. नवा तुकडा कुठे जोडायचा, तिरपा जोड किती उताराचा, तो मुख्य जोडांपासून किती लांब, याचं मान्य रेखाचित्र लागतं. आम्ही फोटो, मापं आणि प्रस्ताव मंजुरी देणाऱ्यांकडे पाठवला. पहिल्यांदा परत आला, कारण रेघेचं अंतर आम्ही पंखाच्या टोकाकडून मोजलं होतं आणि त्यांना मुळाकडून हवं होतं. दुसऱ्यांदा मंजूर झाला: 12 ला 1 उताराचा तिरपा जोड. यात उन्हाळा गेला.

पंख उघडल्या दिवशी मापं घेताना फोटोत स्टीलची पट्टी ठेवा आणि मुळाचा पहिला रिब दिसेल असा एक तरी फोटो काढा. आमचे निदान तीन आठवडे वाचले असते.

लाकूड मागवण्याचंही तसंच. विमानाच्या प्रतीचं सिट्का स्प्रूस कागदासकट येतं. एका व्यापाऱ्यानं पाठवलेल्या फळीत दाण्याचा कल जास्त होता. इन्स्पेक्टरांनी शाईचा थेंब टाकला, तो फळीच्या कडेला नेमून दिलेल्या मर्यादेपेक्षा लवकर वळला. फळी परत गेली.

29 ऑक्टोबर 2022

चिकटवायला सुरुवात. सरस एरोलाइट, जो युद्धाआधीच, 1937 च्या सुमारास, डक्सफर्डच्या एरो रिसर्चकडून आला. भुकटी पाण्यात कालवून एका पृष्ठाला लावायची, दुसऱ्या पृष्ठाला फॉर्मिक आम्लाचा हार्डनर. दोन्ही पृष्ठं भिडली की मिनिटांचा खेळ. क्लॅम्प आधीच जुळवून, एकदा कोरडा सराव करून मग सरस लावायचा.

प्रत्येक कालवणीबरोबर त्याच लाकडाचे दोन तुकडे चिकटवून बाजूला ठेवायचे, वर तारीख लिहायची. दुसऱ्या दिवशी ते व्हाइसमध्ये धरून मोडायचे. लाकूड फाटलं तर सांधा चांगला. सांध्यावरच उकललं, सरसाचा गुळगुळीत थर दिसला, तर त्या कालवणीतून केलेलं सगळं काम खोडायचं.

आमचा तिसऱ्या कालवणीचा तुकडा गुळगुळीत उकलला. रात्री शेडमधला हीटर बंद पडला होता आणि गारठ्यात एरोलाइट नीट धरत नाही. त्या दिवसाचे सगळे रिब-सांधे सोडवावे लागले. दोन रिब सोडवताना मोडले, ते नव्यानं केले. यानंतर पंखाभोवती प्लास्टिकचा तंबू उभारला, आत हीटर आणि कमीत कमी-जास्तीत जास्त तापमान दाखवणारा थर्मामीटर. सकाळचं तापमान वर्कशीटवर लिहायचं, मोडलेले तुकडे पिशवीत घालून वर्कशीटला टाचायचे. इन्स्पेक्टर आले की आधी ती पिशवी मागतात.

17 डिसेंबर 2022

चारही पंख उघडे, तपासणीसाठी लाकडी घोड्यांवर मांडलेले. आरसा, टॉर्च, पाठीवर झोपून वरच्या बाजूचं निरीक्षण. पंखांच्या तारांच्या एका लॉकिंगवर आक्षेप, तो तिथल्या तिथे दुरुस्त. सह्या झाल्या. कापड चढवायला परवानगी.

ही सही मिळण्याआधी कापडाचा ताकाही शेडमध्ये आणू नका. शेजारच्या एका गटानं घाईनं दोन पंख झाकले आणि त्यांना ते परत फाडावे लागले.

25 फेब्रुवारी 2023

कापड. मूळचं सुती किंवा आयरिश लिननचं. आम्ही पॉलिएस्टर घेतलं. टिकतं जास्त, इस्त्रीनं आवळता येतं. इस्त्री साधी चालत नाही, तापमान मोजून लावलेली लागते. आधी 120 अंश सेल्सियसच्या आसपास पूर्ण पंखभर, मग 175 च्या जवळ. ताणलेल्या कापडावर बोट वाजवलं की ढोलकीसारखं बोलतं. मग प्रत्येक रिबला मेणाच्या दोऱ्यानं टाके. प्रॉपेलरच्या झोतात येणाऱ्या रिबांवर टाके जवळजवळ. एक जण वरून सुई घालणार, दुसरा खालून परत पाठवणार. दोघांचा ताल जमेपर्यंत पहिला पंख फार रडवतो.

डोपचं, म्हणजे कापडावर द्यायच्या लेपाचं, प्रकरण मात्र महागात पडलं. पॉलिएस्टर इस्त्रीनं आधीच ताणलेलं असतं, त्यामुळे त्यावर न आवळणारा डोप हवा. सुती कापडाचा डोप वाळताना आवळतो. दुकानदाराकडून आलेल्या डब्यांवर लेबल बरोबर होतं, आत आवळणारा डोप. उजव्या एलेरॉनवर दोन हात दिल्यावर सोमवारी संध्याकाळी बघतो तर मागची कडा रिबांच्या मध्ये आत ओढली गेलेली, लाटेसारखी. सगळं कापड फाडलं, दोन रिबांची टोकं बदलली. दुकानदारानं डबे बदलून दिले; मजुरीचं नुकसान आमचं. आता प्रत्येक नव्या डब्यातला डोप आधी लाकडी चौकटीवर ताणलेल्या तुकड्यावर लावून दोन दिवस ठेवतो.

चंदेरी डोपचे हात पुरेसे द्या. ऊन कापडाला खातं आणि चंदेरी थरच ते अडवतो. तपासायचं असं: अंधाऱ्या खोलीत कापडामागे दिवा धरायचा, उजेड दिसता कामा नये.

20 मे 2023

इंजिन जिप्सी मेजर: चार सिलिंडर, उलटे टांगलेले, हवेनं थंड होणारे, 6.1 लिटर, 130 अश्वशक्ती. जिप्सी हे घराणं भारतीय वाचकांना ओळखीचं वाटावं. जेआरडी टाटांनी 1932 मध्ये कराचीहून जुहूला टपाल आणलं ते पस मॉथही डी हॅविलँडचंच.

इंजिन ओव्हरहॉलला दिलं होतं ते ठरल्यापेक्षा पाच महिने उशिरा आलं. एका सिलिंडर हेडला व्हॉल्व्हच्या बैठकीपासून प्लगच्या भोकाकडे जाणारा तडा होता. दुसरं हेड शोधण्यात वेळ गेला. बिल वीस हजार पौंडांच्या वर. अंदाजपत्रकात सगळ्यात मोठं भगदाड हेच.

मॅग्नेटो, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणारी यंत्रं, आम्ही वेगळे तपासून घेतले आणि ते बरं झालं. जुन्या मॅग्नेटोच्या कॉइलवर शेलॅकचं इन्सुलेशन असतं. थंड असताना ठिणगी निळी, जाड, काही दोष दिसत नाही. तेच मॅग्नेटो तापवून बेंचवर फिरवलं तर शेलॅक मऊ होतो आणि ठिणगी तुटक तुटक. जमिनीवर इंजिन मस्त चालतं, हवेत अर्ध्या तासानं खोकायला लागतं. आमचं उजवं मॅग्नेटो नेमकं असंच वागलं. दोन्हींच्या कॉइल नव्या इन्सुलेशननं गुंडाळून घेतल्या. गरम करून तपासा. थंड चाचणीवर विश्वास ठेवू नका.

8 जुलै 2023

पॅनेल. काळ्या तबकड्या, अंधारात चमकायचे ते आकडे. युद्धकाळातल्या अशा रंगात रेडियम असतं. चमक केव्हाच गेली, कारण चमकणारा पदार्थ मेला. रेडियम-226 चं अर्धायुष्य 1,600 वर्षांचं, ते तसंच जागेवर आहे. गायगर काउंटर जवळ नेला आणि अल्टिमीटरवर तो कडकडायला लागला. सुकलेला रंग भुकटी होऊन काचेच्या आत पडलेला असतो, म्हणून काच उघडायची नाही, तबकडी घासायची नाही. सगळी रेडियमची उपकरणं पिशवीत बंद करून परवानाधारक वर्कशॉपला पाठवली. तिथून तबकड्या रेडियमविना रंगवून आल्या. शेडमध्ये शाळेची मुलं येतात, तेव्हा या खर्चावर गटात चर्चाही झाली नाही.

16 सप्टेंबर 2023

रंग. वर हिरवा-तपकिरी कॅमोफ्लाज, खाली प्रशिक्षण विमानांचा पिवळा. नागरी विमानावर नोंदणीची अक्षरं ठळक असावी लागतात. ती न लावता लष्करी चिन्हं लावायची तर सीएएची सवलत हवी, आणि त्यासाठी चिन्हांना संरक्षण मंत्रालयाची संमती हवी. रंगसंगती त्या विमानाला किंवा त्या प्रकाराला खरोखर लागू होती याचा पुरावा द्यावा लागतो. आमच्याकडे युद्धकाळातला त्याच तुकडीच्या विमानाचा फोटो होता, तो कामी आला. शेपटीजवळ विषारी वायू ओळखणारा पिवळसर चौकोनही काढला. त्या काळी वायू लागला तर त्याचा रंग बदलायचा.

पत्र यायच्या आधी रंग चढवू नका एवढंच सांगते. आम्ही थांबलो आणि शेवटी चिन्हांचा आकार बदलावा लागला.

25 नोव्हेंबर 2023

रिगिंग, म्हणजे तारा ताणून पंखांचे कोन जुळवणं. फ्युझलाज पातळीत, पंख जोडलेले, आता तारा. टायगर मॉथच्या तारा गोल नाहीत, चपट्या पानासारख्या घडवलेल्या आहेत. दोन टोकांना उलटसुलट आटे, त्यामुळे तार फिरवली की ताण बदलतो. प्रत्येक टोकाच्या फोर्कला बारीक भोक असतं. भोकात पिन घालायची. तारेला अडली तर आटे पुरेसे आत गेले आहेत, आरपार गेली तर तार धोक्यात. आमच्या पुढच्या लँडिंग वायरला पिन आरपार गेली. वायर मापाला आखूड होती. तिच्या कागदावरचा पार्ट नंबर शेजारच्या तारेचा निघाला. नवी मागवून ती हाती येईपर्यंत सहा आठवडे.

तारेची धार वाऱ्याच्या दिशेत हवी, नाहीतर हवेत ती थरथरते आणि टोकाशी फटीगचा तडा सुरू होतो. तारा एकमेकींना ओलांडतात तिथला लाकडी खुंटा विसरू नका.

कंट्रोल जोडल्यावर दुहेरी तपासणी: दोन वेगळ्या माणसांनी स्वतंत्रपणे बघून दोन सह्या. दांडी डावीकडे, तर डावा एलेरॉन वर. टायगर मॉथला एलेरॉन फक्त खालच्या पंखांना आहेत आणि साखळी-चकतीनं फिरतात. साखळी उलटी बसली तरी सगळं तितकंच गुळगुळीत हलतं. म्हणून दुसऱ्या माणसानं पहिल्याला विचारायचं नाही, बाहेर उभं राहून डोळ्यांनी बघायचं.

9 मार्च 2024

हिवाळाभर पाऊस. गवताची पट्टी चिखल, विमान बाहेर काढणं अशक्य. वजन शेडमध्येच केलं: दोन चाकांखाली आणि उचललेल्या शेपटीखाली काटे. रिकामं वजन नव्या रंगामुळे जुन्या नोंदीपेक्षा थोडं वाढलं, गुरुत्वमध्य मर्यादेत. कमाल वजन 1,825 पौंड, त्यात दोन माणसं आणि वरच्या पंखातली 19 गॅलनची टाकी भरून बसवणं म्हणजे वैमानिकांना आपापलं वजन खरं सांगावं लागतं.

पहिलं इंजिन सुरू केलं ते शेडच्या दारात, शेपटी जमिनीतल्या खुंट्याला बांधून, चाकांना अडसर लावून. ब्रेक या विमानाला नाहीतच. कार्बुरेटर "गुदगुल्या" करून, म्हणजे त्याची खटकी दाबून, पेट्रोल ठिबकेपर्यंत भरायचा, प्रॉपेलर चार वेळा हातानं ओढायचा, मग "कॉन्टॅक्ट", म्हणजे ठिणगीचा स्विच चालू. ज्याच्या हातात प्रॉपेलर आहे तोच हुकूम देणार, आतला फक्त मोठ्यानं परत म्हणणार. तेलाचा दाब लगेच दर चौरस इंचाला 40 पौंडांच्या वर आला. पुढच्या बाजूला तेलाचा एक पाझर, गॅस्केट बदललं.

11 मे 2024

जमीन अखेर टणक. असोसिएशनकडून चाचणी उड्डाणाची मर्यादित मुदतीची परवानगी आली, त्यात वैमानिकाचं नाव लिहिलेलं. दुसरं कुणीही उडवायचं नाही, सोबत कुणी बसायचं नाही.

वैमानिक मागच्या कॉकपिटमध्ये. टायगर मॉथ एकट्यानं मागूनच उडवतात. जिप्सी अमेरिकन इंजिनांच्या उलट दिशेला फिरतं, त्यामुळे टेकऑफला नाक उजवीकडे जातं आणि डावा पाय लागतो. ते त्यांनी आदल्या आठवड्यात दुसऱ्या टायगर मॉथवर घटवून घेतलं होतं. विमान पट्टीच्या अर्ध्यात सुटलं. आम्ही कुंपणाशी उभे. बोलायला कुणाला सुचलं नाही. वेळ मोजून चढण, ठरलेल्या वेगांवर स्टॉल, म्हणजे वेग घटून पंखांची उचल सुटते ती चाचणी, मग उतरले.

तक्रारी: डावा पंख जड, दांडी सतत उजवीकडे धरावी लागते. पुढच्या कॉकपिटची वाऱ्याची काच थरथरते. स्लॅट, म्हणजे वरच्या पंखाच्या पुढच्या कडेची उघडणारी पट्टी, लॉक करायची मूठ घट्ट.

1 जून 2024

डावीकडच्या मागच्या तारांत अर्धा अर्धा फेरा देऊन पंखाचा कोन किंचित वाढवला. तारेला हात लागला म्हणजे पिनची तपासणी, लॉकनट आणि दुहेरी सही पुन्हा. दुसऱ्या चाचणीत डावा पंख बराच सुधारला, तिसऱ्यात दांडी सोडून विमान सरळ राहिलं. डाइव्हची चाचणीही याच उड्डाणात झाली. सगळे आकडे कागदावर भरून पाठवले.

13 जुलै 2024

परमिट आलं. कॉकपिटमध्ये लावायची पाटीही लावली: हे विमान आंतरराष्ट्रीय निकषांनुसार प्रमाणित नाही, असा बसणाऱ्याला इशारा. पैसे घेऊन कुणाला फिरवायचं तर सीएएची वेगळी योजना आणि वेगळा परवाना. आमच्या गटाचा तसा विचार नाही. एअर शोही यंदा नाही. 22 ऑगस्ट 2015 ला शोरहॅमला हॉकर हंटर रस्त्यावर कोसळून 11 जण गेले, त्यानंतर प्रदर्शनाचे नियम बरेच कडक झाले, आणि ते पाळायला लागणारा सराव आमच्यात अजून कुणाचाच नाही.

एकूण खर्च सत्तर हजार पौंडांच्या पुढे, आमची मजुरी न धरता. इंजिन सर्वात मोठं, त्याखालोखाल तारा आणि कापड-डोप. कागदपत्रं आणि फी यांचा वाटा लोक समजतात तेवढा मोठा नाही; त्यांना वेळ लागतो.

राहिलेलं काम: स्लॅटची मूठ खोलून केबलचा मार्ग बघायचा आहे. नवं कापड बसल्यामुळे तारा पहिल्या काही तासांत सैल होणार, म्हणून 10 तासांनी सगळ्या तारा पुन्हा तपासायच्या. तेल 25 तासांनी, फिल्टरची जाळी काढून धातूचे कण आहेत का ते बघून. काच थरथरते त्यासाठी रबराची पट्टी मागवली आहे; तीही कागदासकट येतेय.